पटावर नाव लागतं तेव्हा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला आपापल्या कामाबद्दल वीस मिनिटं बोलायला सांगितलं आहे. डॉक्टर बोलले, बँकवाले बोलले, आंबा बागायतदार तर पस्तीस मिनिटं बोलले. आता पाळी बेडूक-पालवालीची. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि गेली पंचवीस वर्षं उभयचर आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वर्गीकरणाचं काम करते. सकाळच्या चहापासून चौघांनी मला एकच प्रश्न विचारला आहे : "अगं, आता कुठले नवे प्राणी सापडायचे? सगळे इंग्रजांनी शोधून ठेवलेत ना?" माझी वीस मिनिटं मी या प्रश्नालाच देणार आहे.

आधी आकडे सांगते. आपल्या देशात प्राण्यांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था म्हणजे झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया. ती १९१६ साली कोलकात्यात स्थापन झाली. २०२३ या एका वर्षात भारताच्या प्राणियादीत ६४१ नावांची भर पडल्याचं या संस्थेने प्रसिद्ध केलं. त्यांतल्या ४४२ प्रजाती विज्ञानालाच नवीन होत्या आणि १९९ प्रजाती जगात इतरत्र माहीत होत्या, पण भारतात पहिल्यांदाच आढळल्या. २०२४ साली संस्थेने देशातल्या प्राण्यांची संपूर्ण यादी जाहीर केली. तिच्यात १,०४,५६१ प्रजाती आहेत. म्हणजे लाखाचा पट भरला, तरी दर दिवशी एखाददुसरं नवं नाव दाखल होतंच आहे. यात वाघ-हत्ती नसतात. बहुतेक कीटक, कोळी, कृमी असे कणा नसलेले प्राणी असतात. पण बेडूक, पाली, मासे, साप हेही दर वर्षी असतात, आणि त्यांतले पुष्कळ आपल्या सह्याद्रीतले असतात.

या ४४२ आणि १९९ मधला फरक शाळेच्या भाषेत सांगते. दुसऱ्या शाळेतून दाखला घेऊन आलेला मुलगा म्हणजे 'नवी नोंद'. त्याचं नाव कुठेतरी होतं, आता आपल्या पटावर चढलं. 'नवीन प्रजाती' म्हणजे असा मुलगा, जो गावात हिंडतो-फिरतो, सगळे त्याला पाहतात, पण कुठल्याच शाळेच्या पटावर त्याचं नाव नाही आणि जन्मदाखलाही नाही. तो नसतो असं नाही. त्याची मोजदाद मात्र कुठेच नसते.

एक खुलासा करते, नाहीतर बाई रागावतील. आपल्या पाठ्यपुस्तकात 'प्रजाती' म्हणजे जीनस आणि 'जाती' म्हणजे स्पीशीज असं शिकवलं होतं. वर्तमानपत्रांनी स्पीशीजलाच प्रजाती म्हणायला सुरुवात केली आणि तेच रूढ झालं. आज मी वर्तमानपत्राची रीत घेते. बाईंनी एवढ्यापुरती माफी द्यावी.

आता घराजवळचं उदाहरण. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातलं डोर्ले गाव तुम्हाला माहीत आहे. तिथून २००३ साली एका देवगांडुळाचं नवीन प्रजाती म्हणून वर्णन प्रसिद्ध झालं. देवगांडूळ आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पावसाळ्यात माती उकरताना, बांधावरचा दगड उलटताना वळवळत निघतं. काहींना ते मोठं गांडूळ वाटतं, काहींना सापाचं पिल्लू, आणि साप वाटला की पुढे काय होतं ते सांगायला नको. प्रत्यक्षात ते दोन्ही नाही. त्याला पाठीचा कणा आहे, जबडा आहे, दात आहेत. त्वचा बेडकासारखी ओलसर, अंगावर वळ्या, पाय नाहीत आणि डोळे जवळजवळ दिसतच नाहीत. ते बेडकाचं नातलग आहे, म्हणजे उभयचर. विषारी दंश वगैरे काही नाही, बिचारं मातीतले किडे खाऊन राहतं. डोर्ल्याच्या या देवगांडुळाला गेजेनिओफिस शेषाचारी असं नाव दिलं गेलं. देवगांडुळांवर काम केलेले भारतीय प्राणिशास्त्रज्ञ शेषाचार यांच्या सन्मानार्थ.

नाव मिळाल्यावर काय झालं ते ऐका. पाचच वर्षांनी, २००८ साली, संशोधकांनी दाखवून दिलं की हे देवगांडूळ अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देतं. आशिया खंडातल्या उभयचरांमध्ये असं पहिल्यांदाच नोंदलं गेलं. एवढी मोठी गोष्ट आपल्या आंब्याच्या बागांखालच्या मातीत चालू होती. पण प्राण्याला नाव नसतं, तर 'कोण' पिल्लांना जन्म देतं हे लिहिणार कसं? प्रश्न विचारायलासुद्धा आधी नाव लागतं.

त्याच वर्षी, २००३ मध्ये, आंबोलीहून दुसऱ्या एका देवगांडुळाचं वर्णन झालं. त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जे. सी. डॅनियल यांचं नाव मिळालं. २००९ साली आंबोलीच्याच कातळावरच्या एका भेकाला झँथोफ्रीन टायग्रिना हे नाव मिळालं. त्याच्या अंगावर वाघासारखे पट्टे आहेत. २०२० साली आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या कुंडातल्या एका चिमुकल्या माशाचं शिस्टुरा हिरण्यकेशी म्हणून वर्णन झालं. आणि पुणेकरांनो, तुम्ही सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला जाता ना? त्या गडावर एक उंदीर आहे. १९७५ साली त्याचं नाव ठेवलं गेलं, मिलार्डिया कोंडाना, कोंढाण्यावरून. कुंडात पाय धुतलेल्या आणि गडावर दही खाल्लेल्या हजारो लोकांच्या पायाशी हे प्राणी होते.

मग शोध म्हणजे नेमकं काय? लोकांना वाटतं, जंगलात जायचं, बॅटरी मारायची, न पाहिलेला प्राणी दिसला की "सापडला!" म्हणून ओरडायचं. रात्री जंगलात जाणं, जळवा आणि पाऊस हे सगळं आहेच, पण तो कामाचा सगळ्यात लहान भाग. वनखात्याची परवानगी काढून एक-दोन नमुने घेतले की खरं काम टेबलावर सुरू होतं. पालीच्या ओठावरचे खवले मोजायचे, बोटाखालच्या पट्ट्या मोजायच्या, मांडीवरची छिद्रं मोजायची. बेडकाच्या नाकापासून डोळ्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरच्या दशांशात घ्यायचं. बेडकाचा आवाज ध्वनिमुद्रित करून त्याचा आलेख काढायचा. पेशींतल्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा वाचून तो नातलग प्रजातींशी ताडून पाहायचा. आणि मग सगळ्यात कंटाळवाणं, पण सगळ्यात मोलाचं काम : याआधी कोणी याला नाव दिलेलं नाही ना, हे शंभर-दीडशे वर्षांची जुनी वर्णनं काढून तपासायचं. 'हा वेगळा आहे' असं म्हणायला आधी 'बाकीचे सगळे कसे आहेत' हे माहीत असावं लागतं. यात कधी वर्ष जातं, कधी पाच-सहा वर्षं.

यासाठी संग्रहालयातला 'होलोटाइप' फार महत्त्वाचा असतो. प्रत्येक प्रजातीचं नाव एका विशिष्ट नमुन्याला बांधलेलं असतं. वाण्याच्या मापाला सरकारी शिक्क्याचं माप असतं ना, तसा हा शिक्क्याचा नमुना. उद्या वाद झाला, तर सगळ्यांनी त्या बाटलीकडे यायचं. नावाची पद्धत मात्र आपल्या हजेरीपटासारखी. स्वीडनच्या लिनियसने ती घालून दिली आणि त्याच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून प्राण्यांची नावं अधिकृत धरली जातात. आधी आडनाव, मग नाव. वाघ, सिंह, बिबट्या या सगळ्यांचं आडनाव पँथेरा, पुढे ज्याचं त्याचं नाव. आणि कितीही मोह झाला, तरी स्वतः शोधलेल्या प्राण्याला स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा आमच्याकडे शिष्टाचार आहे.

कपाटात दडलेल्या एका प्राण्याची गोष्ट सांगते, कारण माझ्या कामाचं सार तीत आहे. १९४८ साली तमिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरात अँगस हटन नावाच्या निसर्गप्रेमी गृहस्थांनी एक फळं खाणारं वटवाघूळ पकडलं. तो नमुना मुंबईला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात आला. एका नेहमीच्या वटवाघळाचं नाव त्याला लागलं आणि तो कपाटात गेला. चोवीस वर्षं तिथेच होता. मग किट्टी थोंगलोंग्या या थाई प्राणिशास्त्रज्ञांनी तो नीट तपासला. दात वेगळे, कवटी वेगळी. १९७२ साली त्यांनी जाहीर केलं की ही नुसती नवी प्रजाती नव्हे, हिला जीनसही नवा हवा. नाव ठेवलं लॅटिडेन्स सालिमअली, आपल्या सालिम अलींवरून.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. आपला वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच. त्यात 'उपद्रवी' प्राण्यांची एक यादी अनेक वर्षं होती. कावळे, उंदीर, घुशी आणि सरसकट फळं खाणारी वटवाघळं. यांना मारलं तरी कायद्याचा अडसर नव्हता. जुन्याच नावाने ते वटवाघूळ राहिलं असतं, तर याच यादीत मोडलं असतं. पण स्वतंत्र नाव असल्यामुळे लॅटिडेन्सला पुढे कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात जागा मिळाली, म्हणजे वाघाच्या रांगेत. डोंगरातला प्राणी तोच, पंख तेच, फक्त कपाटातल्या चिठ्ठीवरचं नाव बदललं. म्हणून कोणी म्हणालं, "नावात काय आहे?" तर मी या वटवाघळाकडे बोट दाखवते.

हिरण्यकेशीच्या माशाचंही तेच. २०२० मध्ये नाव मिळालं आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. निनावी माशासाठी शासकीय आदेश निघत नाही.

आता एक नाजूक मुद्दा. 'शोध लावला' हा शब्द आम्ही संशोधक फार सहज वापरतो. केरळच्या इडुक्की जिल्ह्यातला जांभळा बेडूक घ्या. एस. डी. बिजू आणि बेल्जियमचे फ्रँकी बॉसॉइत यांनी २००३ साली त्याचं वर्णन केलं तेव्हा जगभर खळबळ झाली. वर्षभर जमिनीखाली राहणारा, मोसमी पावसाच्या तोंडावर प्रजननासाठी काही दिवसच वर येणारा, टोकदार नाकाचा हा बेडूक. म्हणून नाव नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस, 'नासिका' आणि 'सह्याद्री' दोन्ही आपलेच शब्द. त्याचे जवळचे नातलग हिंदी महासागराच्या पलीकडे सेशेल्स बेटांवर. भारताचा भूखंड आणि ती बेटं कोट्यवधी वर्षांपूर्वी एकत्र होती, त्याचा हा जिवंत पुरावा. आता गंमत पाहा. त्याच बेडकाची बेडूकपिल्लं १९१८ सालीच शास्त्रीय नोंदीत आली होती, पण ती कोणाची हे पंच्याऐंशी वर्षं कळलं नव्हतं. आणि तिथल्या डोंगरातल्या लोकांना तो बेडूक पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता.

२००५ साली अरुणाचल प्रदेशातून एका माकडाचं नवीन प्रजाती म्हणून वर्णन झालं. तिथले मोनपा लोक त्याला 'मुन झाला' म्हणतात, म्हणजे दाट जंगलातलं माकड. संशोधकांनी तेच नाव शास्त्रीय नावात घेतलं, मकाका मुंझाला. मला हे फार आवडतं. ज्यांना आधी माहीत होतं, त्यांची सही त्या नावावर राहिली.

त्याच अरुणाचलातली आणखी एक गोष्ट. पुण्यात काम करणारे खगोलशास्त्रज्ञ रमणा अथरेया पक्षी पाहायला ईगलनेस्टला जात. १९९५ मध्ये त्यांना एक अनोळखी पक्षी ओझरता दिसला. अकरा वर्षांनी, २००६ मध्ये, त्यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, बुगुन लिओसिक्ला. बुगुन हे तिथल्या जमातीचं नाव. नमुना म्हणून पक्षी मारून संग्रहालयात ठेवायची रीत होती. पण हे पक्षी इतके थोडे होते की एकही मारणं त्यांना पटलं नाही. जाळ्यात धरलेल्या पक्ष्यांची मापं घेतली, छायाचित्रं काढली, पिसं ठेवली आणि पक्षी सोडून दिले. त्यावर शास्त्रज्ञांत चर्चाही झाली. नमुना हवाच, असं मानणाऱ्यांत मीही आहे, कारण बाटलीतल्या एका पालीमुळे पुढच्या शंभर वर्षांचे वाद मिटतात. पण जिथे एका जिवाने फरक पडतो, तिथे हात आखडता घेणं हेही शास्त्रच आहे.

आता आपल्या गावाकडे येते. हे बोलायचं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. आपण माणसं एका बाकावर बसलेलो, तेव्हा बोलते.

शाळेमागचा सडा. आपल्या लेखी ती 'पडीक' जमीन. सातबाऱ्यावरही पोटखराबा. आंबा लागत नाही, भात होत नाही, उन्हाळ्यात पाय भाजतात. म्हणून तिथे चिरेखाणी निघाल्या, सुरुंग लावून कातळ फोडून कलमं लावली गेली आणि आता प्लॉट पडताहेत. पण त्याच सड्यावर पावसाचे चार महिने पाणी साचतं, कातळाच्या खळग्यांत बोटभर मातीत शेकडो फुलं येतात, दगडाखाली पाली असतात, कडेच्या ओल्या मातीत देवगांडुळं असतात. कोकणातल्या सड्यांवरचे कितीतरी जीव दुसरीकडे राहूच शकत नाहीत, कारण त्यांना तोच कातळ, तेच डबकं लागतं. कातळशिल्पांचं काय झालं आठवतं ना? गुराख्यांना ती ठाऊक होती, बाकीच्यांना ते नुसते खडक होते. नीट नोंद झाली आणि आज जगभरातून अभ्यासक रत्नागिरीला येतात. जिथे नोंदीआधी खाण गेली, तिथे काय होतं हे आता कोणीच सांगू शकणार नाही. प्राण्यांचंही तसंच. पटावर नाव लागण्याआधी जो गेला, त्याची गैरहजेरीसुद्धा लागत नाही.

आपल्यातल्या चौघापाचजणांच्या जमिनी त्या सड्यावर आहेत. मुलांची शिक्षणं आहेत, म्हाताऱ्या आईबाबांची औषधं आहेत, भाव चांगला आलाय, हे सगळं मला ठाऊक आहे. माझ्या माहेरच्या हिश्शाचंही तेच बोलणं चालू आहे. तेव्हा विकू नका असं सांगायचा अधिकार मला नाही. माझी विनंती लहान आहे. व्यवहार करण्याआधी एक पावसाळा द्या. जून ते सप्टेंबर. मी आणि माझे विद्यार्थी येऊ, तुमच्या परवानगीने पाहू, मोजू, लिहू. काही वेगळं निघालं तर तुम्हाला आधी सांगू. निदान पाण्याचं डबकं आणि त्याभोवतीचा थोडा कातळ तरी तसाच ठेवता येईल का, हे मिळून बघू.

दुसरी विनंती शाळेसाठी. आपल्या बॅचने जमवलेल्या निधीतून काय द्यायचं यावर सकाळपासून व्हॉट्सअ‍ॅपवर युद्ध चालू आहे. कमान नको आणि पुतळाही नको. प्रयोगशाळेला दोन चांगले द्विनेत्री सूक्ष्मदर्शक द्या. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुष्कळ गावांत ती वही कोणीतरी बाहेरून भरून देतो आणि कपाटात जाते. आपल्या गावची नोंदवही आपली नववीची मुलं भरतील असं करूया. कुठला प्राणी, कुठल्या तारखेला, कुठे, आजीच्या तोंडी त्याचं नाव काय. आजीच्या तोंडचं नाव तर आधी लिहून घ्या, ते कुठल्याच संग्रहालयात मिळणार नाही.

आणि शेवटची गोष्ट सगळ्यांसाठी, मुंबईकर-दुबईकरांसाठीही. अनोळखी प्राणी दिसला की मारू नका. मोबाइल खिशात असतोच, फोटो काढा, वरून, बाजूने आणि जमलं तर पोटाकडून. तारीख आणि जागा लिहा. मला पाठवा. शंभरातले नव्याण्णव नेहमीचेच निघतील, तरीही पाठवा. फक्त नेमकी जागा समाजमाध्यमावर टाकू नका. दुर्मीळ पाली आणि कोळ्यांचा चोरटा व्यापार चालतो आणि तो धंदा करणारे लोकही वाचतात.

सर, तुम्ही रोज सकाळी पट घ्यायचात. उत्तर आलं नाही की मान वर करून विचारायचात, "कुठे गेला रे तो?" पंचवीस वर्षं मी तेवढंच करते आहे. आपल्या गावापुरता तो पट आता या शाळेतल्या मुलांच्या हाती द्यावा, एवढंच मागणं आहे.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, आणि बागायतदारांपेक्षा कमी वेळात मी संपवलं, याबद्दल दोघांचंही अभिनंदन.